कळस कोणासाठी?

मनुष्याच्या साधनेचे परमोच्च स्थान कोणते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी केवळ तत्त्वग्रंथांतून नव्हे, तर देवालयांच्या रचनेतूनही दिले आहे. गाभाऱ्याच्या अंधारात देव, आणि त्याच्याच माथ्यावर, ऊनपावसात, दूरच्या शिवारातून दिसणारा कळस. ज्याचे पाऊल गर्दीमुळे वा वार्धक्यामुळे दारापर्यंत पोहोचले नाही, त्याने त्या कळसाला हात जोडले तरी त्याची वारी पावली, ही वारकऱ्यांची श्रद्धा. उंचीचे प्रयोजन स्वतः मिरवण्यात नसून दूर राहिलेल्याला आधार देण्यात आहे, हा तिचा गर्भितार्थ मला अत्यंत मोलाचा वाटतो.

परंतु याच श्रद्धेच्या आडोशाने समाजाने अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांना शतकानुशतके दाराबाहेर ठेवले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. मंगळवेढ्यास कुसवाच्या कामावर असता, ते कोसळून, 1338 साली ज्यांचा अंत झाला, त्या चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे. आणि त्यांच्या जातिबांधवांना आत जाण्यास असलेला मज्जाव उठावा म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. जो कळस दुरून दिसतो, पण ज्याच्याखालचे दार उघडत नाही, तो सांत्वन देईल. न्याय देणार नाही.

आमच्या मराठवाड्यातील नरसीचे म्हणून परंपरा ज्यांना ओळखते, त्या नामदेवांनी म्हणूनच कळसाची नव्हे, त्याच महाद्वाराच्या पायरीची जागा मागून घेतली. देगलूरच्या गुंडा महाराजांच्या परंपरेतील चक्रीभजनातही मला हाच विचार मूर्त झालेला दिसतो: टाळांच्या ठेक्यावर पावले टाकीत भजनकरी फिरू लागले, की कालचा नवशिका आणि जन्मभराचा वारकरी एकाच फेरीत येतात, आणि त्या फेरीत अग्रस्थान असे कोणाचेच उरत नाही.

ज्या संस्थानांच्या कारभाऱ्यांना कळसावर सुवर्णाचा मुलामा चढवावयाचा असेल, त्यांनी तो अवश्य चढवावा. मात्र त्या खर्चास मंजुरी देण्यापूर्वी आपल्या दारातून कोण परत जातो, याची चौकशी करावी. परमोच्चतेचा अधिकार त्या चौकशीच्या उत्तरावर अवलंबून आहे.