गिऱ्हाईक आणि रहिवासी

डेव्हन ॲव्हेन्यूवरून पश्चिमेला निघाले, साड्यांची, दागिन्यांची आणि मिठाईची दुकाने मागे पडली, कालवा ओलांडला, की रस्त्याची उजवी बाजू शिकागोची राहत नाही. डावीकडे 27 लाख वस्तीचे महानगर आणि उजवीकडे जेमतेम 13 हजार वस्तीचे लिंकनवुड. मधे एक डांबरी रस्ता. डाव्या बाजूचा माणूस 50 नगरसेवकांपैकी एकाकडे दाद मागतो, उजव्या बाजूचा एक अध्यक्ष आणि सहा विश्वस्त बसतात त्या मंडळापुढे उभा राहतो. दोन्हीकडचे पोलीस वेगळे, दिव्यांची आणि फुटपाथची अंदाजपत्रकेही वेगळी. महिन्याच्या किराण्याला येणाऱ्या मराठी कुटुंबाला यातले काही जाणवत नाही. त्याला रस्ता एकच दिसतो, आणि त्यावर गाडी लावायला जागा नाही एवढेच दिसते.

लिंकनवुड आज शांत, झाडांनी भरलेले, थोडे कंटाळवाणेच गाव आहे. 1911 साली ते टेसव्हिल या नावाने स्थापन झाले तेव्हा त्याची कीर्ती दारूची आणि जुगाराची होती, आणि दारूबंदीच्या काळात तर चोरटे गुत्ते तिथे जोरात चालले. 1931 मध्ये हेन्री प्रोझेल हा स्थानिक माणूस गावाचा प्रमुख झाला. त्याने गावातल्या बेकारांना कामाला लावून रस्त्याकडेने 10 हजार एल्मची झाडे लावून घेतली. 1934 मध्ये दारूच्या परवान्यांची संख्या बांधून टाकणारा नियम केला. 1936 मध्ये गावाचे नावच बदलले. 1977 पर्यंत, म्हणजे 46 वर्षे, तो त्या खुर्चीत होता. इतकी वर्षे एकच माणूस खुर्चीत असणे हे लोकशाहीचे लक्षण म्हणून कोणी मिरवू नये. पण गाव सुरक्षित करण्यासाठी त्याने काय वापरले ते पाहण्यासारखे आहे : परवाना, झाडे आणि हाताला काम. पोलिसांचा ताफा या यादीत कुठेच वर येत नाही.

ही गोष्ट इथेच सोडली तर फार गोड होईल. लहान सरकार लोकांचे ऐकते, हे खरे. पण ते कोणत्या लोकांचे ऐकते? डेव्हनचा मोठा भाग शिकागोच्या ज्या 50 व्या वॉर्डात येतो तिथे बर्नार्ड स्टोन 1973 पासून 2011 पर्यंत नगरसेवक होते. वॉर्डाच्या उत्तर टोकाला हॉवर्ड स्ट्रीट आहे. त्याच्या पलीकडे इव्हॅन्स्टन हे वेगळे शहर. पलीकडे नवे बाजारसंकुल झाले, त्याच्या गाड्या आपल्या गल्ल्यांत घुसतात अशी वॉर्डातल्या रहिवाशांची तक्रार आली. स्टोन यांनी 1993 मध्ये रस्त्याच्या मधोमध चक्क कठडा उभारून घेतला. लोकांनी त्याला बर्लिनची भिंत म्हणायला सुरुवात केली, इव्हॅन्स्टन कोर्टात गेले आणि कठडा काढावा लागला. हसण्यासारखा प्रकार आहे, पण नगरसेवकाने आपले काम चोख केले होते. ज्यांनी मते दिली त्यांची गल्ली त्याने जपली. कठड्यापलीकडच्यांनी त्याला मत दिले नव्हते.

कठड्याच्याच साली, 1993 मध्ये, शिकागो पोलिसांनी वस्तीच्या भागीदारीने पोलीसकाम करण्याचा एक मोठा प्रयोग सुरू केला. त्याचे लघुनाव कॅप्स. पहिल्या पाच प्रायोगिक विभागांत रॉजर्स पार्कचा 24 वा विभाग होता, म्हणजे डेव्हनचाच. कल्पना साधी : शहराचे 279 बीट, प्रत्येक बीटच्या नियमित बैठका, तिथे त्या भागातलेच पोलीस आणि तिथलेच रहिवासी. दिवा गेलाय, पडक्या घरात पोरे जमतात, कचऱ्याचा डबा जळतोय, अशा तक्रारी आल्या की पोलिसांनी त्या पालिकेच्या खात्यांकडे पाठवायच्या. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे वेस्ली स्कोगन यांनी या प्रयोगाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि 2006 च्या पुस्तकात तीन शहरांची कहाणी सांगितली : गोऱ्यांचे, कृष्णवर्णीयांचे आणि लॅटिनो लोकांचे. पहिल्या दोघांना प्रयोगाचा लाभ दिसला. तिसऱ्याला, त्यातही नव्याने आलेल्या स्पॅनिशभाषक स्थलांतरितांना, फारच कमी. घर मालकीचे असलेला, बरीच वर्षे राहिलेला, इंग्रजीत तक्रार मांडू शकणारा माणूस बैठकीला येतो, आणि बैठकीला येणाऱ्याचा दिवा आधी लागतो. चौथे शहर, डेव्हनवरच्या गुजराती, पंजाबी, हैदराबादी, सिल्हेटी लोकांचे, त्या कहाणीच्या नावातही नाही.

वस्तीत आपली गणती कशी होते याचे दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. 2007 च्या निवडणुकीत स्टोन यांना बऱ्याच वर्षांनी झुंजावे लागले. त्या निवडणुकीत दक्षिण आशियाई मतदारांच्या टपाली मतपत्रिका बेकायदा हाताळल्याबद्दल त्यांच्या बाजूच्या दोघा कार्यकर्त्यांना पुढे कोर्टाने दोषी ठरवले. म्हणजे राजकारणाला हा समाज दिसत नव्हता असे नाही. मतदार म्हणून नसला तरी मतपत्रिका म्हणून तो व्यवस्थित दिसत होता. या समाजाला आणखी एक गोष्ट भरपूर मिळाली, ती म्हणजे तपकिरी पाट्या. डेव्हनच्या एका तुकड्याला गांधी मार्ग, दुसऱ्याला मोहम्मद अली जिना यांचे नाव, आणखी कुठे शेख मुजीब, कुठे गोल्डा मायर. मानाची नावे देण्याची शिकागोची जुनी पद्धत आहे. त्यात खर्च नाही, फोटो चांगला येतो, फीत कापायला सगळे येतात. पाटी लागली की आपण पोचलो असे आपल्याला वाटते, आणि नगरसेवकाला ते पक्के ठाऊक असते.

आता गाडी लावण्याचा प्रश्न, कारण शिकागोच्या मराठी घरांत डेव्हनबद्दल बोलणे निघाले की पाच मिनिटांत गाडी तिथेच येते. डिसेंबर 2008 मध्ये महापौर रिचर्ड एम. डेली यांनी शहरातले पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी खासगी कंपनीला सुमारे 1.15 अब्ज डॉलरला देण्याचा प्रस्ताव मांडला. जाहीर झाल्यापासून दोन-तीन दिवसांत नगरपरिषदेने तो 40 विरुद्ध 5 मतांनी मंजूर केला. पुढल्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी सौदा जवळपास एक अब्ज डॉलर स्वस्तात गेल्याचा अहवाल दिला. तेव्हापासून फुटपाथ रुंद करायचा, सणाच्या दिवशी रस्ता बंद ठेवायचा, सायकलसाठी जागा काढायची, काहीही ठरवले तरी आधी मीटरवाल्या कंपनीची भरपाई किती होईल हा हिशेब येतो. दिवाळीच्या आधी डेव्हनवर तिकीट लागले म्हणून चरफडणाऱ्याला हे ठाऊक नसते की त्याची भेट 2008 सालच्या एका मतदानाशी झाली आहे. त्या तीन दिवसांत बातमी वस्तीत पोचवणारे कोण होते? लर्नर साखळीची मोहल्ल्यामोहल्ल्याची साप्ताहिके 1926 पासून उत्तर शिकागोत निघत. क्लार्क स्ट्रीटवरची हाणामारी युरोपातल्या युद्धापेक्षा मोठी बातमी, असे तिचे संस्थापक मानत. ती साखळी 2005 पर्यंत संपली होती. नंतर आलेले डीएनएइन्फो हे वस्तीबातम्यांचे स्थळ मालकाने 2017 मध्ये एका दिवसात बंद केले. त्यातल्याच काही संपादकांनी 2018 मध्ये ब्लॉक क्लब शिकागो हे विनानफा वृत्तस्थळ उभे केले, आणि आज वॉर्डाच्या बैठकीत काय झाले ते कळते ते बरेचसे त्यांच्यामुळे.

डेव्हनच्या आसपास एक समाज मात्र असा आहे ज्याला गिऱ्हाईक म्हणून राहणे परवडतच नाही. सनातनी ज्यू शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवत नाहीत. सिनेगॉग हे प्रार्थनास्थळ चालत जाण्याच्या अंतरावर हवे, म्हणजे घर इथेच हवे, म्हणजे फुटपाथवरचा बर्फ, चौकातला सिग्नल आणि कोपऱ्यावरचा दिवा हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग होतो. 2 जुलै 1999 च्या शुक्रवारी संध्याकाळी एका वर्णद्वेष्ट्याने याच पायी चालणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. सहाजण जखमी झाले. 26 ऑक्टोबर 2024 च्या शनिवारी सकाळी सिनेगॉगला चाललेल्या एकाला पुन्हा गोळी लागली, तो वाचला. सुरुवातीच्या आरोपांत द्वेषगुन्हा नव्हता. वॉर्डाच्या नगरसेविका डेब्रा सिल्व्हरस्टीन आणि रहिवाशांनी असे का, ते उघडपणे विचारले, आणि काही दिवसांत द्वेषगुन्हा व दहशतवादाची कलमे लागली. (खटला चाललाच नाही, आरोपी तुरुंगात मरण पावला.) या कलमांचे श्रेय केवळ आवाजाला देणे धाडसाचे होईल, कारण तपासात पुरावेही पुढे आले. पण कोणाला, केव्हा, काय विचारायचे हे त्या वस्तीला एका दिवसात सुचले नव्हते. त्याआधीची कित्येक वर्षे ती माणसे बर्फाच्या आणि दिव्यांच्या तक्रारी घेऊन त्याच कार्यालयात जात होती.

आपण गाडीने येतो, डिकी भरतो आणि नेपरव्हिल, शॉमबर्ग, ऑरोराकडे परततो. दुकानदारही बऱ्याच वेळा तसेच परततात. यात पाप काही नाही. 1974 मध्ये पटेल बंधूंनी डेव्हनवर आपले पहिले दुकान टाकले तेव्हा आसपास राहणारे भारतीय जास्त होते; पुढे मुलांच्या शाळांसाठी माणसे उपनगरांत गेली. मात्र उपनगरात गेल्यावरही आपण गिऱ्हाईकच राहतो, माझी तक्रार आहे ती ही. तिथेही व्हिलेज बोर्ड किंवा नगरपरिषद आहे, ग्रंथालयाचे मंडळ आहे, शाळेचे आहे. आपल्या मंडळाच्या गणपतीला सभागृह मिळवण्यासाठी आपण कुठल्याही कार्यालयात जाऊ, कर आणि पोलीस यांबद्दल मात्र बाहेरच्या पार्किंगमध्ये बोलू.

ही सवय अमेरिकेने लावलेली नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे 227 नगरसेवकांचे काम प्रशासकानेच चालवले. कोणी रस्त्यावर आले नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या दिल्या, राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभाही आली, पण आपल्या भागाची क्षेत्रसभा भरलेली पाहिलेली माणसे शोधावी लागतील. आणि तरीही आपल्याकडेच एक असे उदाहरण आहे जे शिकागोच्या पोलिसांनी अभ्यासायला हवे होते. मे 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसे घेतली, दोन्ही धर्मांची, आणि सोबत बीटचा पोलीस. बोलणे नळाचे, गटाराचे, भाड्याच्या भांडणाचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शिकागोत कॅप्स सुरू झाले ते त्यानंतर काही महिन्यांनी. भिवंडीची गोष्टही गोड शेवटाची नाही. जुलै 2006 मध्ये तिथे पोलीस ठाण्याच्या जागेवरून दंगल उसळली आणि दोन पोलीस शिपायांची हत्या झाली. अधिकारी बदलला की समिती कागदावर उरते, आणि माणसे एकमेकांना नावाने ओळखण्याऐवजी पुन्हा गर्दी म्हणून ओळखू लागतात.

डेव्हनच्याच पूर्व टोकाला, 49 व्या वॉर्डात, नगरसेवक जो मूर यांनी 2009 मध्ये एक गोष्ट केली जी अमेरिकेत तोवर कोणी केली नव्हती. रस्ते-दिवे-फुटपाथसाठी प्रत्येक नगरसेवकाला मिळणारे सुमारे 13 लाख डॉलर त्यांनी रहिवाशांच्या मतदानावर सोडले. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्री शहराने 1989 मध्ये घालून दिलेला धडा. मत द्यायला वयाची सोळा वर्षे आणि वॉर्डातले घर पुरे. नागरिकत्व लागत नव्हते. पुणे महापालिकाही 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेते. फरक असा की पुण्यात सूचना द्यायची आणि वाट पाहायची. 49 व्या वॉर्डात मते मोजली जात. लोकांनी बहुतेक करून मागितले काय, तर फुटपाथची दुरुस्ती.

2021 मध्ये नगरपरिषदेने केलेल्या एका नियमाने शिकागोच्या 22 पोलीस विभागांना प्रत्येकी तीन निवडून आलेल्या सदस्यांची परिषद दिली; पहिली निवडणूक फेब्रुवारी 2023 मध्ये झाली, पुढची फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. मतदानाला नागरिकत्व लागते, त्यामुळे ग्रीन कार्डाच्या रांगेतला मराठी अभियंता तिथे मत देऊ शकणार नाही. पण इलिनॉयच्या खुल्या बैठकांच्या कायद्याने अशा कुठल्याही मंडळापुढे उभे राहून बोलण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो वापरताना कोणी पासपोर्ट मागत नाही. 24 व्या विभागाच्या परिषदेलाही हे लागू आहे, आणि व्हिलेज बोर्डालाही. किराण्याच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये अंधार आहे, एवढे सांगायला तीन मिनिटे पुरतात.