येणे आणि देणे

मुरबाड तालुक्यात एका गावी सप्ताहाच्या कीर्तनाला गेलो होतो. बुक्का लागला, मंडळी पांगली. तेव्हा शहापूरकडचा एक माळकरी जवळ येऊन बसला. म्हणाला, "बुवा, समृद्धी महामार्गात जमीन गेली. मोबदला बँकेत ठेवलाय. त्याच्या व्याजावरचा एका जुन्या सालचा आयकर थकला, त्याची नोटीस आली. यंदा मात्र बँकेनं जास्त कर कापला. तो मला परत मिळायचा आहे. घरपट्टीही दोन सालांची राहिली. सरकारच माझं देणं लागतं, मग मी घाई कशाला करू? परतावा आला की सगळं फेडीन."

सज्जनहो, पूर्वपक्ष आधी मांडावा, अशी शास्त्राची रीत आहे. या माणसाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. थकबाकी असेल तर आयकर खाते तसे कळवून परतावा तिकडे वळता करून घेऊ शकते. पण तोवर काय होते? थकलेल्या करावर दरमहा १ टक्का व्याज चढते. परताव्यावर आपल्याला मिळते ते अर्धा टक्का. शिवाय विवरणपत्र तपासून होईपर्यंत परतावा ही आशाच असते, आणि आशेने देणे फिटत नाही.

घरपट्टीचे तर त्याहून निराळे. आयकर दिल्लीच्या सरकारचा, घरपट्टी आपल्या ग्रामपंचायतीची. एका दारी येणे आहे म्हणून दुसऱ्या दारचे देणे कसे फिटावे? गावच्या दिव्याखालून आपणही चालतोच ना! १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात तर मागणीचे बिल मिळाल्यावर ३ महिन्यांत कर न भरणारा पंचायत सदस्य अपात्र ठरतो.

दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार भुकेल्यांना खुले केले. हेतू किती थोर! तरी बेदरच्या दरबारचे देणे उरलेच. पांडुरंगाने तरी काय केले? वही पुसून टाकली नाही. विठू महार होऊन तो दरबारात गेला, रक्कम मोजली आणि पावती घेतली. देवसुद्धा पावती घेतो, बाबांनो!

मी माळकऱ्याला विचारले, "बँकेत ठेव आहे ना?" तो म्हणाला, "आहे." मग गप्प झाला. गाठ तिथेच होती. परतावा हे निमित्त. ठेव मोडवत नव्हती, हे खरे. जवळ काहीच नसेल त्याची गोष्ट वेगळी. त्याने कचेरीत जाऊन अडचण सांगावी, हप्ते मागावे. त्यात लाज नाही. पण जवळ असून "येईल तेव्हा देईन" म्हणणे, म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर आपण व्याज खाणे.

दुसऱ्याला कशाला बोलू? मीही एकदा बिदागी येणार या भरवशावर वाण्याची उधारी लांबवली होती. बिदागी आली, आणि भलत्याच खर्चात गेली. वाणी काही बोलला नाही. पण त्याच्या दुकानावरून जाताना माझीच मान खाली जाई.

माळकरी उठताना म्हणाला, "मग काय करू, बुवा?" मी म्हटले, "घरपट्टी उद्याच भर. नोटिशीचा हिशेब जाणत्याकडून तपासून घे. चुकीचा असेल तर लेखी कळव. बरोबर असेल तर भरून टाक. परतावा येईल तेव्हा तो तुझाच आहे."

देणे आपल्या हातात असते, येणे दुसऱ्याच्या. जे आपल्या हातात आहे ते आधी उरकावे, मग वारीला मोकळ्या मनाने निघावे.

रामकृष्णहरि.