खळग्यातला गोटा

कॅरिबियन समुद्रात व्हर्जिन गोर्डा नावाचे एक चिमुकले बेट आहे. तिथला ‘द बाथ्स’ हा किनारा पाहायला लांबलांबून माणसे जातात. वाळू आहे, निळे पाणी आहे, पण कौतुक आहे ते दगडांचे. ग्रॅनाइटचे घराएवढाले गोल धोंडे एकमेकांवर रेलून उभे आहेत. त्यांच्या सांदीतून वाकून आत शिरले की समुद्राच्या पाण्याने भरलेले डोह लागतात आणि वरच्या फटीतून आलेले ऊन त्या पाण्यावर पडते. हे सगळे मोबाइलवर पाहून आपल्याकडचा माणूस उसासा टाकतो. अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, आणि सह्याद्री ओलांडल्याशिवाय तो दिसायचाही नाही.

पण दगड आणि पाणी यांचे जुने भांडणच पाहायचे असेल, तर पारनेर तालुक्यातले निघोज गाठावे. तिथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. गावचे लोक साधे ‘कुंड’ म्हणतात. नदीच्या एका काठाला आपला जिल्हा, पलीकडे शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, म्हणजे पुणे जिल्हा. काठावर मळगंगा देवीचे मंदिर. चैत्रात देवीची यात्रा भरते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. एरवी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी गेलात तर कातळ बहुधा तुमचा एकट्याचा.

व्हर्जिन गोर्डाचा दगड वाळूतून वर आला आहे, निघोजचा आत खचत गेला आहे. तिकडचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात हळूहळू थंड झाला. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेला लाव्हा. त्यात भेगा आहेत, गॅसच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्या आहेत, कुठे थर टणक तर कुठे ठिसूळ. अशा एखाद्या कच्च्या जागी पुराचे पाणी भोवरा धरते. भोवऱ्यात एखादा गोटा सापडतो आणि गरगर फिरत राहतो. नुसत्या पाण्याला हे इतके जमले नसते. पाणी फक्त जोर देते, वरवंट्याचे काम गोटा करतो.

पाणी उतरले असताना एखाद्या खळग्यात डोकावून पाहा. भिंत इतकी गुळगुळीत की तळहात कुठे अडत नाही. नीट पाहिले तर तिच्यावर वळसे घेत खाली गेलेल्या पन्हळी दिसतात. तळाशी हिरवट पाणी, एखादा बेडूक, आणि दोन-चार गोटे, अंड्यासारखे गोल झालेले. भिंत झिजवता झिजवता तेही झिजलेले असतात. एक संपला की पुढच्या पुरात दुसरा येऊन पडतो. शेजारशेजारचे दोन खळगे रुंदावत गेले की मधली भिंत पातळ होते आणि एक दिवस फुटते. दोघांचा एक होतो. असेच एकात एक मिसळत त्यांची घळ होते आणि नदी आणखी खाली उतरते. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवर असेच खळगे आहेत. तिथेही कारागीर हाच.

मला याहून नवल वाटते ते पाण्याचे. पारनेर हा अवर्षणाचा तालुका. इथल्या पावसाच्या भरवशावर एवढा कातळ कोरला जाणे कठीणच होते. कुकडी येते जुन्नर तालुक्यातून, नाणेघाटाच्या बाजूने, जिथे पाऊस कोसळतो. तिथून अरबी समुद्र तसा जवळ. नदी मात्र त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते, घोडला मिळते, पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. म्हणजे पाऊस घाटमाथ्याचा आणि त्याने घडवलेले शिल्प पारनेरच्या उन्हात. देवाने वाटणी करताना कधीकधी असाही हिशेब केलेला दिसतो.

आता त्या वाटणीत आपणही हात घातला आहे. वरच्या अंगाला माणिकडोह, येडगाव ही धरणे झाली, खाली नदीवर बंधारे झाले. त्या पाण्यावर पारनेर, श्रीगोंदा, कर्जतची शेते उभी आहेत, आवर्तन लांबले की इथे जीव टांगणीला लागतो. तेव्हा धरणांविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. पण धरण पाणी अडवते तसे नदीबरोबर गडगडत येणारे दगडगोटेही अडवते, आणि पुराचा जोरही मोडते. मधल्या ओढ्यांतून थोडाफार दगड येत असेल, तरी घाटातून येणारी जुनी रसद तुटली. खळग्यांच्या तळाशी जे गोटे आज दिसतात, त्यांतले बरेचसे जुन्या शिलकीतले धरायला हवेत.

आपण मात्र तिथे जाऊन काय करतो? खळग्याच्या ओठावर उभे राहून फोटो काढतो, रिकामी बाटली आत सोडतो आणि आठवण म्हणून एक छानसा गोटा पिशवीत घालतो. बाटली निदान कुणी काढू तरी शकेल. घरी शोकेसमध्ये गेलेला गोटा कातळाच्या काय कामाचा?

तेव्हा अवश्य जा, पण हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जा. पावसाळ्यात, किंवा बंधारे भरायला नदीत पाणी सोडलेले असताना कातळावर उतरू नका. ओल्या बेसाल्टवर पाय घसरतो आणि खळग्याच्या गुळगुळीत भिंतीला धरून वर येता येत नाही. मुलांचा हात सोडू नका. आणि आवडलेला गोटा हातात घेऊन मनसोक्त पाहा, मग ज्या खळग्यातून घेतला त्याच खळग्यात परत ठेवा.