कापसातील परका धागा

आदिलाबाद जिल्ह्याची काळी जमीन मुख्यतः कापसाची. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणाची आणि पलीकडे यवतमाळ-चंद्रपूरची हद्द असली, तरी दोन्ही काठांवरचा व्यवहार एकच. रासायनिक खताची पोती रिकामी झाली म्हणजे वेचलेला कापूस त्यांतच भरावा, हा येथला शिरस्ता. ही काटकसर निंद्य मुळीच नव्हे. परंतु उन्हाने जीर्ण झालेल्या पोत्यातून पॉलिप्रॉपिलीनचे तंतू सुटतात, जिनिंगच्या यंत्रात त्यांचे तुकडे होतात, आणि रुईच्या गाठीत दडून ते सूतगिरणी गाठतात. कापसाचा रंग त्यांना चढत नाही. त्यामुळे कापड रंगवून झाल्यावरच ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने प्रकट होतात व सबंध थान बाद ठरते.

व्यापाराला ही झळ लागताच उपाययोजना झाली. केंद्र सरकारने 2000 साली कापूस तंत्रज्ञान अभियान आरंभिले, गिरण्यांनी परके तंतू टिपणारी यंत्रे बसविली. तेच पोते बांधावर कुजले अथवा चुलीत गेले, तर मात्र कोणाच्या दप्तरी त्याची नोंद नाही. महाराष्ट्राने 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तिचा अंमल नदीपाशी थांबला; 1 जुलै 2022 पासूनची देशव्यापी बंदी दोन्ही तीरांना लागू झाली, पण तिच्या यादीत खताचे पोते नाही. पैनगंगेला असल्या हद्दी ठाऊक नसतात. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने ती असा प्लास्टिकचा भार समुद्रापर्यंत नेते.

प्लास्टिकचे असे कण माणसाच्या शरीरातही सापडतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2022 साली बावीस रक्तदात्यांची तपासणी केली, तेव्हा सतरा जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण आढळले. ज्यांच्या मानेच्या धमनीतील मेदाच्या थरात असे कण होते, त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका अधिक दिसला, असे 2024 साली इटलीतील वैद्यांनी नोंदविले. कार्यकारणभाव त्यांनी सिद्ध मानला नाही, आणि ही सावधगिरी मला शास्त्राला शोभणारी वाटते. तथापि धमनीतला कण दाखवून देणारे रंगाचे पिंप उपलब्ध नाही, आणि बाद ठरवावे असे थानही येथे नाही.

बाजार समितीच्या आवारात कापसाची आर्द्रता यंत्राने मोजतात. ती आठ टक्क्यांहून वर गेली की हमीभावात कपात होते, बाराहून वर गेली की खरेदीच नाकारतात. त्या मोजणीत प्लास्टिकच्या धाग्याला रकाना नाही, आणि पोत्याऐवजी वापरायच्या सुती खोळीचा खर्च शेतकऱ्याच्याच नावे पडतो.