तीच गाडी, नवी चाके

रेडिओ लहरींनी नियंत्रित होणाऱ्या छोट्या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग मालकाला स्वतः काढता आणि बसवता येतो. त्यांत सर्वाधिक वेळा बदलली जातात ती चाके आणि टायर. जमीन बदलली, पाऊस आला, रबर झिजले, की नवा जोड चढतो. हळूहळू मोटर बदलते, बॅटरी बदलते, कधी सांगाडाही बदलतो. तरीही ही गाडी घरात एकाच नावाने ओळखली जाते.

नवरात्रातील महानवमीला बंगळुरूत ही ओळख पूजेच्या पाटावर येते. महाराष्ट्रात या दिवसाला खंडेनवमी म्हणतात आणि वाहनांची पूजा बहुतेक घरी दसऱ्याला होते. बंगळुरूत मात्र नवमीची आयुधपूजा हाच वाहनांचा मोठा दिवस असतो. लेथ, बस, रिक्षा, दुचाकी धुऊन त्यांना झेंडूच्या माळा आणि केळीचे खुंट बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात, कुंकू भरलेला कोहळा फोडतात. ज्या घरात रेडिओ-गाडी आहे, तिथे तीही या रांगेत ठेवता येते. गेल्या नवमीपासून तिची चारही चाके बदललेली असली, तरी घरचे म्हणतात, ‘ही गेल्या वर्षीचीच गाडी.’ हे विधान खरे आहे का, आणि असल्यास कोणत्या अर्थाने? अवयव बदलले तर अवयवी, म्हणजे त्यांची बनलेली पूर्ण वस्तू, तोच राहतो का, या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी दीर्घ वाद घातला आहे. त्या वादाची कसोटी लावायला हे छोटे चाक फार सोयीचे आहे, कारण त्याची जोडणी डोळ्यांसमोर होते.

आधी चाकाची रचना पाहू. रेडिओ-गाडीच्या चाकात तीन घटक असतात: प्लास्टिकची रिम, रबराचा टायर आणि टायरच्या आत बसणारे फोमचे कडे. मोठ्या मोटारीच्या टायरप्रमाणे यात हवा भरत नाहीत. भार पेलण्याचे काम फोम करतो, आणि आतली हवा बाहेर जावी म्हणून रिमला किंवा टायरला बारीक भोके असतात. एक-दशांश प्रमाणाच्या गाडीत रिम सहसा १२ मिलिमीटरच्या षटकोनी हबवर बसते, तर एक-अष्टमांश गाडीत १७ मिलिमीटरच्या. हे माप जुळले नाही तर बाकी सारे जुळूनही चाक बसत नाही.

निवड जमिनीवरून होते. बंगळुरूच्या मोकळ्या लाल मातीत उंच खुंट्यांचा टायर लागतो. खुंट्या मातीत रुतून पकड घेतात. हाच टायर डांबरावर चालवला तर खुंट्या लवकर घासून जातात. डांबरासाठी सपाट टायर चांगला. तो अतिवेगात फुगून आकार बदलू नये म्हणून काही टायरांत आतून पट्टा घातलेला असतो. मऊ रबर चांगली पकड देते आणि लवकर झिजते, कडक रबर टिकते आणि घसरते. दोन चाकांना गती मिळणाऱ्या बगी प्रकारच्या गाडीत पुढचे टायर दिशा धरण्यासाठी उभ्या धारांचे आणि मागचे ढकलण्यासाठी खुंट्यांचे असतात. टायरचा व्यास वाढवला तर एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि मोटरवर ताण येऊन ती तापते. मग मोटरवर कमी दात्यांचे गिअर लावावे लागते. म्हणजे एका अवयवातील बदल तिथेच थांबत नाही, तो बाकीच्या अवयवांकडूनही काही मागतो.

आता मूळ वादाकडे वळू. बौद्ध परंपरेत या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध रूप ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील यवन राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटायला रथातून येतो. नागसेन विचारतो: आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू, लगाम, चौकट म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे सगळे सोडून आणखी काही रथ आहे का, यालाही राजाचे उत्तर नाही असेच येते. शेवटी राजा मान्य करतो की या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हे व्यवहारातले नाव चालते. माणसाचेही तसेच आहे, असा नागसेनाचा निष्कर्ष. महाराष्ट्राला हा संवाद परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो.

या मताने नवमीच्या विधानाचा निकाल सरळ लागतो. ‘तीच गाडी’ हे बोलणे सोयीचे आहे. त्या नावामागे न बदलणारी वस्तू शोधू नये. यात खोटेपणा नाही, फक्त नावाची मर्यादा ओळखायची आहे.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी ही अवयवांहून वेगळी, खरी वस्तू आहे. ती नसती तर काहीच दिसले नसते, कारण मग नुसते परमाणू उरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आणखी एक युक्तिवाद आहे: एक भाग धरला किंवा ओढला की सगळी वस्तू धरली, ओढली जाते. रेडिओ-गाडी एका चाकाला धरून उचलली की पूर्ण गाडी वर येते, वाळूचा ढीग मात्र एका कणाला धरून उचलता येत नाही. या चर्चेत भाष्यकार वात्स्यायनाने लाखेने चिकटवलेल्या गवत, दगड, लाकडाचे उदाहरण घेतले आहे. नुसते चिकटून राहणे हा अवयवी असल्याचा पुरावा ठरत नाही, हे त्यातून पुढे येते. म्हणून त्याचा भर ‘ही एक वस्तू’ या प्रत्यक्ष ज्ञानावर जातो.

वैशेषिकांची कारणमीमांसा चाकाला चपखल लागू पडते. कार्याची तीन कारणे असतात. रिम, टायर, फोम ही समवायी कारणे, कारण चाक त्यांच्यातच राहते. त्यांचा परस्परांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. बसवणारा माणूस आणि त्याची हत्यारे ही निमित्त कारणे. यातील दुसरे कारण किती महत्त्वाचे, हे टायर चिकटवताना कळते. आधी टायरची कड आणि रिमची खाच स्पिरिटने पुसतात, कारण साच्यातून आलेला तेलकट थर राहिला तर गोंद धरत नाही. मग फोम टायरमध्ये सुरकुती न पडता बसवतात, कड खाचेत सगळीकडून नीट बसल्याची खात्री करतात आणि बोटाने कड किंचित मागे ओढून पातळ, झटपट वाळणाऱ्या गोंदाचे थेंब सोडतात. एक बाजू वाळली की दुसरी. गोंद कुठे सुटला तर भर वेगात टायर रिमवरून निघतो. रिम शाबूत, टायर शाबूत, फोम शाबूत, पण चाक संपलेले असते. असमवायी कारणाचा नाश झाला की कार्याचा नाश होतो, हा वैशेषिकांचा सिद्धान्त इथे तळहातावर दिसतो. अशा संज्ञांचा अर्थ नेमका पाहायचा असेल तर भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ आजही उपयोगी आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली काढली.

मात्र अवयवी खरा मानण्याची किंमत नैयायिकांना द्यावी लागते. वस्त्रातून एक धागा काढला तरी त्यांच्या हिशेबाने जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांतून नवे, लहान वस्त्र उत्पन्न होते. त्याला ते खंडपट म्हणतात. या नियमाने नट सैल करून एक चाक उतरवले की आधीची गाडी गेली, नवे चाक चढवले की तिसरी गाडी जन्मली. मग ‘तीच गाडी’ ही ओळख कशी होते? दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही ‘तीच ज्योत’ वाटते, तशी ही सारखेपणामुळे झालेली ओळख आहे, असे त्यांचे उत्तर आहे. म्हणजे अवयवी नाकारणारा बौद्ध आणि अवयवी मानणारा नैयायिक, दोघेही नवमीच्या विधानाला काटेकोर अर्थाने खरे म्हणत नाहीत.

जैन दर्शन मधला मार्ग काढते. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रानुसार जे आहे त्यात उत्पत्ती, नाश आणि ध्रुवपणा तिन्ही एकत्र असतात. समंतभद्राने याचे उदाहरण दिले आहे: सोन्याचा घट मोडून मुकुट केला तर घट हवा असलेला दुःखी होतो, मुकुट हवा असलेला आनंदतो, आणि सोने हवे असलेल्याला काहीच वाटत नाही. या विचाराचे मोठे केंद्र श्रवणबेळगोळ बंगळुरूपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. बाहुबलीच्या पायाशी कोरलेल्या जुन्या मराठी लेखामुळे ते मराठी वाचकाच्याही ओळखीचे आहे. गाडीच्या बाबतीत मात्र अडचण उरते. घट आणि मुकुट यांत सोने टिकते, पण चाकांपासून सांगाड्यापर्यंत सर्व काही क्रमाने बदललेल्या गाडीत टिकलेले ‘सोने’ कोणते?

याचे उत्तर गाडीत शोधून मिळत नाही. ते गाडी चालवणाऱ्याकडे आहे, आणि त्याचा धागा न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात सापडतो. जे मी डोळ्यांनी पाहिले तेच आता हाताने स्पर्शतो आहे, असे दोन अनुभव जोडणारे ज्ञान होते, म्हणून दोन्हींचा एकच ज्ञाता मानावा लागतो, असा तिथला युक्तिवाद आहे. नैयायिकांच्या मते आत्मा अवयवांचा बनलेला नाही, म्हणून रथाचा दाखला त्याला लागू होत नाही. बौद्ध यावर म्हणतील की स्मृती समजावून घ्यायला नित्य आत्म्याची गरज नाही, कार्यकारणाने जोडलेला चित्तांचा प्रवाह पुरतो. हा वाद इथे मिटवण्याची आवश्यकता नाही. दोन्ही मतांनी एक गोष्ट सारखीच ठरते: मागील टायर गाडीला आठवत नाही, चालवणाऱ्याला आठवतो. लाल मातीत कोणता टायर घसरला, कोणत्या व्यासाने मोटर तापली, कोणता नट फार आवळल्याने चाक जाम झाले, हे ज्ञान एका जोडापासून पुढच्या जोडापर्यंत वाहून नेणारा माणूस असतो. गाडीचे एकपण या स्मृतीवर आणि निगेवर उभे आहे.

चाक बसवण्याच्या शेवटच्या पायऱ्यांत ही निगा दिसते. हबची पिन जागेवर आहे का ते पाहतात, टायरवरील बाणाची दिशा जुळवतात, आत नायलॉनचे कडे असलेला नट आवळतात, मग चाक बोटाने फिरवून ते कुठे घासते का आणि डगमगते का हे तपासतात. गाडीला गाडीपण देणारा संयोग असा दरवेळी नव्याने घडवावा लागतो.

म्हणून ‘ही गेल्या वर्षीचीच गाडी’ हे विधान द्रव्याच्या अर्थाने खरे नाही, पण जबाबदारीच्या अर्थाने पूर्ण खरे आहे. ते म्हणणारा माणूस मागचे सारे आपल्या नावावर घेतो. मग उतरवलेली झिजलेली चाकेही त्याचीच ठरतात, कारण नव्या टायरची निवड त्यांनीच शिकवलेली असते. आयुधपूजा ही आपले काम ज्यांच्यामुळे झाले त्या साधनांविषयीची कृतज्ञता असेल, तर ती फक्त चकचकीत नव्या जोडापुरती राहू नये. जुने टायर उकिरड्यावर टाकू नयेत किंवा जाळू नयेत. रिम शाबूत असेल तर ती जपून तिच्यावर नवा टायर चढवावा, आणि नवमीला पूजेत नव्या चाकांशेजारी जुन्यांनाही जागा द्यावी.