न विचारलेले प्रश्न

कोणाला जाणूनबुजून दुखावले नाही म्हणजे कोणावर अन्याय केला नाही, अशी आपली सर्वांची समजूत असते. आम्हीही बरीच वर्षे तसेच मानीत आलो. वैद्यकीय संशोधनाचा इतिहास थोडा वाचला तेव्हा ही समजूत डळमळू लागली.

१९७७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असे ठरविले की, मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू वाईट नव्हता. थॅलिडोमाइड या औषधामुळे १९६० च्या सुमारास हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली होती. पण घडले काय? चाचणी बहुतेक पुरुषांवर, आणि गोळी मात्र दोघांनाही. १९९३ मध्ये ते धोरण मागे घेतले गेले. तरीही झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणावयास २०१३ साल उजाडले. स्त्रीच्या शरीरातून ते अधिक सावकाश उतरते.

जे स्त्रीचे, तेच दूरच्या प्रदेशाचे. आरोग्य संशोधनाविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली हिशेब मांडला: टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा सुमारे ९३ टक्के भार विकसनशील देशांवर, आणि त्यांच्या दुखण्यांवरील संशोधनाच्या वाट्याला पैसा सुमारे ५ टक्के.

स्त्री आणि खेडे ही दोन्ही एकत्र आली म्हणजे काय होते, हे गडचिरोलीत दिसून आले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांना तपासले व १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता. त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. तोवर स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच सरकारदरबारी धरले जाई. आजार काही नवा नव्हता. 'अंगावरून जाते' हे शब्द आपल्या घरांतही कुजबुजत बोलले गेले आहेत. मंडळीच्या मासिकात ते छापावेत की नाही, असे क्षणभर आमच्याही मनात आले; याच संकोचाच्या आड तो आजार इतकी वर्षे राहिला. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत पाठीमागून आली, असे आपण शब्बाथशाळेत शिकवितो. ती पाठीमागून का आली, हे मात्र मुलांना क्वचितच सांगतो.

तर मग संशोधन झाले की न्याय झाला काय? तसेही नाही. २००९-१० मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक प्रकल्प झाला. १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना लस टोचली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ. सात मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत दिसले नाही, आणि लस उपयोगी आहे याविषयी आम्हांला शंका नाही. पण खम्ममकडे कित्येक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविला गेला आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

एकीकडे स्त्रीला जपायचे म्हणून वगळले. दुसरीकडे मुलींना घेतले, पण त्यांच्या घरी विचारले नाही. आम्हांला ही एकाच चुकीची दोन रूपे वाटतात, कारण दोन्ही ठिकाणी तिच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी ठरविले.

आमचे एक शिक्षक मित्र यावर म्हणाले, "खेड्यातल्या निरक्षर बाईला संशोधनातले काय कळणार?" कागद तिला वाचता येणार नाही, हे खरे. पण कोठे दुखते, केव्हापासून दुखते आणि आजवर ते कोणी विचारले होते काय, एवढे ती सांगू शकते.