चाळीस रुपयांचा अर्ज

2023च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा आला. शेतकऱ्याने भरायचा एक रुपया, आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला विमा कंपनीने द्यायचे चाळीस. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात अशा योजनेला गर्दी होणारच. राज्यभर शेवटच्या दिवसांत पोर्टल अडखळले आणि 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा पोर्टलचे सॉफ्टवेअर स्वस्तात पडले की महागात, हे या चाळीस रुपयांवरून ताडून पाहावे. दहा मिनिटांत एक अर्ज झाला तर चालकाला तासाला दोनशे चाळीस रुपये सुटतात. सर्व्हर लटकून तोच अर्ज तासभर अडला तर चाळीसच. रांगेतल्या माणसाचा बुडालेला रोज वेगळाच. यातले काहीही सॉफ्टवेअरच्या निविदेत लिहिलेले नसते, म्हणून सर्वांत कमी दर स्वस्त दिसतो. वाचलेला म्हणून दाखवलेला पैसा बीडमधल्या गेवराई-केजच्या रांगेतून वसूल होत असतो.

यावर म्हणतात, नियमच दर दोन वर्षांनी बदलतात, मग टिकाऊ सॉफ्टवेअर कशाला बांधायचे? आक्षेप वजनदार आहे. 2025 मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळली गेली आणि खरीप अन्नधान्याला पुन्हा दोन टक्के हप्ता आला. पण हप्ता बदलला तरी सातबारा, गट नंबर, बँक खाते तेच राहते. सॉफ्टवेअरमध्ये हप्त्याचा दर एका जागी नोंदवला असेल तर बदल एका दुपारचा. शंभर ठिकाणी विखुरला असेल तर दर हंगामाला नवे कंत्राट. चार दिवसांच्या गर्दीसाठी सर्व्हरची एवढी क्षमता कशाला, हा दुसरा आक्षेप मात्र लंगडा आहे. क्षमता आता भाड्याने मिळते, आणि जुलैअखेर कधी येणार हे सांगायला पंचांग लागत नाही.

खरी अडचण आहे ती चांगल्या कामाचे पैसे कोणी, कसे द्यायचे याची. त्याचा धागा बीडमध्येच सापडतो. 2020 मध्ये इथे विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा 80-110 चे सूत्र निघाले: भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्याचा, 80 टक्क्यांखाली राहिली तर कंपनीने 20 टक्के ठेवून बाकीचे परत करायचे. जोखीम आधीच वाटून घेतली, म्हणून व्यवहार उभा राहिला. सॉफ्टवेअरच्या कंत्राटातही मोबदल्याचा काही हिस्सा पुढच्या तीन खरिपांना बांधावा. मग जुलैआधी चाचणी घेणे ही बांधणाऱ्याचीच गरज होईल. लहान सॉफ्टवेअर कंपनीला तीन वर्षे पैसे अडकवून ठेवणे झेपणार नाही, हे खरे. म्हणून तो हिस्सा दर ऑगस्टला, हंगाम पार पडताच, थोडाथोडा मोकळा करावा.